एनएमएमएस परीक्षा तोंडावर: 180 गुणांमागे 48 हजार रुपये, शेवटच्या आठवड्यात नेमके काय करायचे?

अकोला : डिसेंबर म्हणजे वऱ्हाडात कापूस वेचणीची धांदल. घरातल्या आठवीच्या मुलालाही शाळेतून आल्यावर शेतात हात लावावा लागतो. गेली काही वर्षे नेमक्या याच महिन्याच्या उत्तरार्धात एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा होते. अभ्यासाला मोजकेच दिवस मिळाले असतील, तर ते कुठे खर्च करायचे?

परीक्षा एवढी महत्त्वाची का?
शिक्षण हक्क कायद्यातील मोफत शिक्षण आठवीला संपते. अनेक गावांत शाळाही तिथेच संपते. नववीसाठी अकोट, तेल्हारा, पातूर किंवा बार्शीटाकळी गाठायचे तर एसटीचा पास, पुस्तके, फी असा खर्च सुरू होतो. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरमहा 1,000, म्हणजे चार वर्षांत 48,000 रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे आणि शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित असावी, या प्रमुख अटी आहेत. परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते.

पेपर कसा असतो?
पेपर दोन. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी. प्रत्येकी 90 प्रश्न, 90 गुण, 90 मिनिटे. शालेय चाचणीत विज्ञान 35, समाजशास्त्र 35 आणि गणित 20 गुणांना असते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

शेवटच्या आठवड्यात काय करावे?
नवीन धडा उघडू नका. रोज घड्याळ लावून एक जुना पेपर सोडवा. एका प्रश्नाला सरासरी एकच मिनिट आहे. न सुटणारा प्रश्न सोडून पुढे जाण्याची सवय सरावातच लागते.

बौद्धिक चाचणीत पाठांतर चालत नाही, पण पद्धत चालते. उदाहरणार्थ 2, 6, 12, 20, 30 ही मालिका. शेजारच्या संख्यांतील फरक 4, 6, 8, 10 आहे, म्हणजे पुढचा 12 आणि उत्तर 42. मालिका दिसली की आधी फरक काढा, तो जुळला नाही तर गुणाकार किंवा वर्ग तपासा. शालेय चाचणीसाठी सातवी-आठवीच्या पुस्तकांतील व्याख्या, सूत्रे आणि धड्याखालचे स्वाध्याय एवढेच पुन्हा पाहा.

रिकामे वर्तुळ का ठेवू नये?
प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. 20 प्रश्न कोरे सोडले तर शून्य गुण नक्की. अंदाजाने सोडवले तर सरासरी 5 गुण हाती लागतात. पात्रतेसाठी दोन्ही पेपर मिळून 40 टक्के, म्हणजे 180 पैकी 72 गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ही अट 32 टक्के आहे. काठावरच्या मुलासाठी हे पाच गुण मोठे आहेत. शेवटची पाच मिनिटे उरलेली वर्तुळे भरण्यासाठी राखून ठेवा. वर्तुळ बॉलपेनने पूर्ण भरा, खाडाखोड करू नका.

स्पर्धा कोणाशी?
निवड यादी जिल्ह्यांच्या कोट्यानुसार लागते. त्यामुळे अकोल्याच्या मुलाची स्पर्धा पुण्या-मुंबईशी नसून आपल्याच जिल्ह्यातील मुलांशी असते. यादीत नाव आले नाही, तरी पात्र ठरणे वाया जात नाही. मराठा आणि कुणबी समाजातील अशा विद्यार्थ्यांसाठी 'सारथी'ची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. तिच्यात अटी पूर्ण करणाऱ्यांना वर्षाला 9,600 रुपये मिळतात.

पालकांनी काय पाहावे?
हॉल तिकीट शाळेकडूनच मिळते. त्यावरील नाव, माध्यम आणि केंद्र आजच तपासा. एक पेपर सकाळी, दुसरा दुपारी असल्याने डबा, पाण्याची बाटली आणि परतीच्या एसटीची वेळ ठरवून ठेवा. परीक्षेआधीचे दोन दिवस तरी वेचणीतून मुलाला मोकळे करा.

निकालानंतरचे काम त्याहून महत्त्वाचे. निवड झाली म्हणजे पैसे आपोआप येत नाहीत. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि पुढे दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होते. म्हणून मुलाच्या आधार कार्डावरील, शाळेच्या दाखल्यावरील आणि पासबुकावरील नाव एकसारखे आहे का, हे आताच पाहून घ्या.