वॉलरस ऑपरेटर: कंपायलरमधलं खरं काम कुठे असतं?

भाषेत नवीन फीचर घालायचं म्हटलं की आपलं लक्ष आधी पार्सरकडे जातं. ग्रामरमध्ये एक नियम वाढवला की झालं, असं वाटतं. कंपायलरवर संशोधन करायचा विचार असेल तर पायथनच्या := या ऑपरेटरची गोष्ट नीट बघा.

हा ऑपरेटर २०१९ मध्ये, पायथन ३.८ सोबत आला. मान वाकडी करून पाहिलं तर डोळे आणि सुळे दिसतात, म्हणून नाव वॉलरस. पेप ५७२ या त्याच्या प्रस्तावावरून एवढी भांडणं झाली की जुलै २०१८ मध्ये गिडो व्हान रॉसम यांनी पायथनचं नेतृत्वच सोडलं.

आता कोड बघू. ग्रामरमध्ये नियम आला, सिंटॅक्स ट्रीमध्ये एक नवा नोड आला. त्याची मुलं दोनच, नाव आणि किंमत. बाइटकोड तर फारच सोपा: किंमत काढा, स्टॅकवर तिची आणखी एक प्रत ठेवा, एक प्रत नावात साठवा. उरलेली प्रत म्हणजे त्या एक्स्प्रेशनची किंमत. नवीन बाइटकोड सूचना एकही लागली नाही. जेमतेम तीन ओळी!

मग डोकं कुठे खर्च झालं? सिम्बॉल टेबलमध्ये, म्हणजे कुठलं नाव कोणत्या स्कोपचं हे ठरतं तिथे. हे उदाहरण घ्या (की-वर्डही देवनागरीत लिहिलेत, समजून घ्या):

बेरीज = ०
[बेरीज := बेरीज + आकडा फॉर आकडा इन यादी]

चालू बेरजांची यादी हवी आहे. पण त्या वेळी पायथन ३ मध्ये कॉम्प्रिहेन्शन म्हणजे आतून एक छुपं फंक्शन होतं. नेहमीचा नियम लावला तर 'बेरीज' त्या फंक्शनचं लोकल नाव ठरतं, आणि पहिल्याच फेरीत किंमत नसलेलं नाव वाचल्याची एरर येते. म्हणून ठरलं की कॉम्प्रिहेन्शनमधलं := बाहेरच्या स्कोपमध्ये नाव बांधणार. त्यासाठी कंपायलर स्कोपच्या साखळीत वर चढत जातो, मधली सगळी कॉम्प्रिहेन्शन्स ओलांडतो. फंक्शन भेटलं तर आतलं नाव नॉनलोकल, मॉड्यूल भेटलं तर ग्लोबल.

आणि थेट क्लास भेटला तर? आतलं फंक्शन क्लासच्या नावांपर्यंत पोहोचूच शकत नाही, त्यामुळे नॉनलोकलची युक्ती चालत नाही. तिथे सरळ सिंटॅक्स एरर द्यायचं ठरलं. मला हा निर्णय फार आवडतो. अर्धवट चालणाऱ्या अर्थापेक्षा स्पष्ट नकार बरा. नकार पुढे काढून टाकता येतो, पण एकदा दिलेल्या अर्थावर लोकांचा कोड उभा राहतो.

गंमत म्हणजे पायथन ३.१२ पासून कॉम्प्रिहेन्शनचं ते छुपं फंक्शन बहुतेक ठिकाणी उरलेलंच नाही, कोड जागच्या जागी बसवला जातो. वॉलरसचा स्कोपचा नियम मात्र तसाच आहे. तो आता भाषेचा भाग झालाय.

पायथनसोबतच येणारं सिम्बॉल टेबलचं मॉड्यूल आणि बाइटकोड दाखवणारं डिसअसेंबलर मॉड्यूल उघडा. वरची ओळ एकदा फंक्शनमध्ये, एकदा मॉड्यूल पातळीवर आणि एकदा क्लासमध्ये टाकून बघा. आणि मग मूळ नियमाकडे परत या: चढताना मध्ये लॅम्ब्डा आला तर नाव कुणाचं?