मनमाडचा वळसा आणि आकाशातला वारा

नांदेडहून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस अमृतसरला जाते, पण निघते मात्र मनमाडच्या वाटेने. परभणी, जालना करत आधी पश्चिमेला आणि मग तिथून उत्तरेला भोपाळ, झाशी, दिल्ली, अंबाला. दोन हजार किलोमीटरांहून मोठा पल्ला आणि तीस तासांहून अधिक प्रवास. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला येणाऱ्या शीख भाविकांची ही नेहमीची गाडी. वाटेतल्या स्थानकांवर तिच्यात लंगरही मिळतो.

विमानाला मनमाड लागत नाही. शाळेचा नकाशा उघडून हिशेब मांडता येतो. नांदेड सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर, अमृतसर ३१.७ वर. फरक साडेबारा अंशांचा, आणि एका अंशाचे १११ किलोमीटर. अमृतसर थोडं पश्चिमेला सरकलेलं आहे, ती भर धरली की हवाई अंतर १४०० च्या जरा पुढे जातं. डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाने या दोन शहरांमध्ये थेट विमान सुरू केलं, तेव्हा दीड दिवसाचा प्रवास दोन-अडीच तासांवर आला.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने खरं तर पावणेदोन तास पुरावेत. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलतं तेव्हापासून पलीकडे उभं राहीपर्यंत मोजली जाते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण आणि उतरण त्यातच आलं.

लांबच्या पल्ल्यात मात्र वारा सगळा हिशेब फिरवतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हा एअर इंडियाचा मार्ग अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने विमान उलट दिशेने, प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, तरी प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर संपला. विमानं उडतात त्या उंचीवरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पूर्वेला निघालेल्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात, पश्चिमेला निघालेल्याला अडवतात. अमेरिकेतून येणारं आणि तिकडे जाणारं विमान सारखाच वेळ घेत नाही, याचं मोठं कारण हेच.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या लातूरकर आई-बापांचा प्रवास मात्र विमानात सुरू होत नाही. तो सुरू होतो हैदराबादच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पाच-सहा तासांनी. त्यावर आंतरराष्ट्रीय उड्डाणाआधी तीन तास पोहोचायचं, वाटेतल्या खोळंब्यासाठी आणखी दोन तास हाताशी ठेवायचे. घराचं कुलूप लावल्यापासून विमानात बसेपर्यंतच दहा तास उलटतात. एवढ्या वेळात विमान मुंबईहून लंडन गाठतं.

नांदेडच्या विमानाने दीड दिवस वाचवून दाखवला. लातूरलाही धावपट्टी आहे. तिथून हैदराबाद, मुंबईची नियमित विमानसेवा सुरू व्हायला हवी.