मिठाची पारख आणि जिभेची मर्यादा

जेवणाच्या पानात सर्वप्रथम वाढले जाते ते मीठ. आमटीत ते पडले नाही तर सारा स्वयंपाक अळणी ठरतो. अशा या नित्याच्या पदार्थाची खारट चव कशी निर्माण होते आणि त्या चवीवर कितपत विसंबावे, हे समजून घेणे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

खारटपणाचे मूळ

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. वजनाने त्यात सुमारे ४० टक्के सोडियम असते. मिठाचा खडा लाळेत विरघळला म्हणजे सोडियम व क्लोराइड यांचे विद्युत्भारित कण सुटे होतात. जिभेवरील रुचिकलिकांतील काही पेशींच्या आवरणात सोडियमला आत घेणारी सूक्ष्म द्वारे असतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून आढळून आले आहे. सोडियम आत शिरताच पेशीची विद्युत्स्थिती बदलते. तो संदेश मज्जातंतूंमार्फत मेंदूस पोचतो आणि खारट चवीची जाणीव होते. सोबतच्या घटकाचाही यात वाटा असतो. म्हणूनच खाण्याच्या सोड्यात सोडियम असूनही तो मिठाइतका खारट लागत नाही.

सवयीचा प्रभाव

मज्जातंतू, स्नायू व शरीरातील द्रवांचा समतोल यांसाठी सोडियम आवश्यक आहे; परंतु त्याच्या अतिरेकाने रक्तदाब वाढतो. जीभ सवयीच्या अधीन असल्याने जादा मिठाची सवय झालेल्यास बेताचे मीठही कमी वाटते. मिठाचे प्रमाण हळूहळू घटविल्यास काही आठवड्यांत जीभ त्यास सरावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाच्या आहारात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. लोणची, पापड व फरसाण यांतील मीठही या हिशेबात धरावयास हवे.

जिभेला न कळणारे आयोडीन

मिठात मिसळलेल्या आयोडीनची जिभेला मुळीच वार्ता नसते. प्रौढास त्याची दैनिक गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम असते. तथापि ती न भागल्यास गलगंड होतो आणि गर्भावस्थेतील तीव्र कमतरतेमुळे बालकाच्या मेंदूची वाढ खुंटते. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता सिद्ध केली. त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेण्यात आला. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर दहा लक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, असे मानक आहे.

ओलावा, ऊन व उष्णता यांमुळे आयोडीन घटते, चव मात्र तशीच राहते. म्हणून घरोघरी, तसेच शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकगृहांतही, वेष्टनावरील आयोडीनयुक्त मिठाची खूण पाहूनच मीठ घ्यावे, ते झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे आणि बेतानेच वापरावे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढी गोष्ट गावाच्या अंगवळणी पाडली, तर भावी पिढीच्या आरोग्यास मोठाच हातभार लागेल.