कुत्र्यासकट भाडेकरू

पुण्यात भाड्याचं घर शोधणाऱ्याला एजंट फोनवरच विचारून घेतो: फॅमिली की बॅचलर, नॉनव्हेज खाता का, नोकरी कुठं, रात्रपाळी असते का. एवढं झालं की मी सांगायचे, "आमच्याकडे कुत्रा आहे." मग थोडं थांबून प्रश्न यायचा, "ब्रीड कोणती, मॅडम?" मी म्हणायचे, "गावरान." त्यावर "मालकांना विचारून सांगतो" असं म्हणून फोन ठेवला जाई आणि पुन्हा काही येत नसे. लॅब्रेडोर असता तर निदान डिपॉझिट तरी वाढवून मागितलं असतं.

गावरान म्हणजे मोत्या. परभणीहून रेल्वेने पूर्णेकडे निघालं की लगेच पिंगळी लागतं, ते आमचं गाव. वडील होते तोवर मोत्याचा मुक्काम आखाड्यावर. दिवसा बैलांजवळ सावलीला पडायचं, रात्री रानडुकरांवर भुंकायचं आणि ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकर खायची, एवढाच त्याचा दिनक्रम. वडील गेले, बैल विकले, शेत बटईने दिलं. मी हडपसरला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. आईला गावात एकटं ठेवणं मला पटेना, आणि आईला मोत्याला मागे ठेवणं पटेना. "कुणाच्या दारात सोडू त्याला? तो येत नसंल तर म्या बी येत नाही," एवढं बोलून ती चुलीकडे वळली. तेव्हा आई, मी आणि मोत्या मावतील असं घर हवं होतं, आणि तेही बारा हजारांच्या आत.

ॲपवर 'पेट फ्रेंडली' असं बटण असतं. ते दाबलं की यादी झपाट्याने आखडते आणि भाडं झपाट्याने चढतं. जिथं कुत्रा चालतो तिथं जिम, पोहण्याचा तलाव आणि तीन बेडरूम असतात. स्वस्त वन बीएचके यादीतून कधीच गळालेला असतो. हे आपोआप होत नाही. मोठ्या फ्लॅटचा मालक बहुधा दुसरीकडे, कधी परदेशात राहतो, त्याला भाड्याशी मतलब. स्वस्त फ्लॅटच्या मालकाने कर्ज काढून तो एकच फ्लॅट घेतलेला असतो आणि भिंतीवरच्या प्रत्येक ओरखड्याचा त्याला हिशेब असतो. त्यातून सोसायटीचे सेक्रेटरी रोज जिन्यात भेटणार. मी त्याच्या जागी असते तर दहा वेळा विचार केला असता.

कायदा काय म्हणतो ते शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं की भाडेकरूला दोन दारं ओलांडायची असतात, एक सोसायटीचं आणि एक मालकाचं. पहिल्या दारात त्याच्या बाजूने बोलणारं कुणी तरी आहे. ते म्हणजे भारतीय प्राणी कल्याण मंडळ. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारा १९६० चा कायदा झाला त्यामागे नृत्यांगना आणि राज्यसभेच्या सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा पाठपुरावा होता. त्याच कायद्याखाली स्थापन झालेल्या या मंडळाच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये रहिवासी संस्थांसाठी सूचना काढल्या. सभेत बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. कुत्रा मोठा आहे किंवा भुंकतो एवढ्यावरून तो काढून टाकायला सांगता येत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, तिच्यासाठी वेगळे पैसेही लावता येत नाहीत. आणि हे फ्लॅटच्या मालकाइतकंच भाडेकरूलाही लागू आहे.

"सूचनाच आहेत हो, कायदा थोडाच आहे," असं मला एका सोसायटीच्या ऑफिसात ऐकवण्यात आलं. अशा वेळी केरळ उच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२१ चा निकाल सांगावा. इमारतीत प्राणी पाळायला सरसकट मनाई करणारी कलमं त्या न्यायालयाने बेकायदा ठरवली. स्वच्छता आणि शांतता राखण्याच्या वाजवी अटी घालायला मात्र मोकळीक ठेवली. हा निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, पण दाखला म्हणून चालतो. सोसायटीने त्रास दिलाच तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

दुसऱ्या दारात मात्र आपण एकटे. घर मालकाचं, कुणाला द्यायचं हे तो ठरवणार. करारात 'पाळीव प्राणी ठेवणार नाही' असं लिहिलं आणि आपण सही केली की बोलणं खुंटलं. फ्रान्समध्ये १९७० पासून राहत्या घराच्या भाडेकरारातलं असं कलम कायद्यानेच रद्द समजलं जातं. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की छापील करारात कुत्र्या-मांजरांना सरसकट मनाई करता येणार नाही, प्रत्येक घराचा वेगळा विचार करावा लागेल. इंग्लंडनेही २०२५ च्या कायद्याने भाडेकरूला प्राणी ठेवण्याची परवानगी मागण्याचा हक्क दिला आणि मालकाने सबळ कारणाशिवाय ती नाकारू नये असं म्हटलं. आपल्याकडे भाडेकरूला असा आधार नाही. म्हणून माझं मत असं झालं की फ्लॅट शोधत बसण्यात अर्थ नाही, मालक शोधावा.

मालकांची भीती खोटी नसते. दिवसभर बाल्कनीत बांधलेलं कुत्रं भुंकून भुंकून मजला डोक्यावर घेतं. एकाच कोपऱ्यात मुतत राहिलं तर प्लास्टर फुगतं. गोचीड झाले तर ते भिंतीच्या फटीत शिरतात आणि भाडेकरू गेला तरी ते राहतात. त्यात २०२५ च्या सुरुवातीला हडपसरच्याच एका सोसायटीत एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरी असल्याची बातमी आली. त्यानंतर काही दिवस जो तो मालक मला विचारी, "एकच आहे ना, नक्की?"

गावरान कुत्र्याची एक जादा अडचण आहे. तो रस्त्यावरच्या कुत्र्यांसारखाच दिसतो, त्यामुळे वॉचमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्याला भटका समजतात. याला उतारा म्हणजे कागद. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; तिथं आईने पुतण्याला बरोबर घेऊन मोत्याची नसबंदी करून घेतली आणि रेबीजची लस टोचून कार्ड आणलं. ही लस दर वर्षी द्यायची असते. पुण्यात आल्यावर त्या कार्डावर महानगरपालिकेचा परवाना काढला. त्याची फी अगदी किरकोळ, पण तो कागद दाखवला की वॉचमनचा आवाज बदलतो. गोचिडांच्या औषधाची पावतीसुद्धा मी फाइलमध्ये लावली. मालकाला विचारायला लाज वाटते ते आपणच आधी सांगितलेलं बरं.

मग घर मिळालं कुठं? २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत २३ गावं आली. वाघोली, नऱ्हे, मांजरी बुद्रुक ही त्यातलीच. तिथं टॉवर उभे राहिलेत, पण टॉवरच्या मागच्या गल्लीत अजून गावकऱ्यांनी स्वतः बांधलेली घरं आहेत: खाली मालक, वर दोन भाडेकरू, पुढे थोडं अंगण आणि मागे एखादी म्हैस. सोसायटी नाही, सेक्रेटरी नाही, ॲपवर जाहिरात नाही. पाटी असते ती विजेच्या खांबाला, नाही तर किराणा दुकानाच्या शटरला. पाणी कधी टँकरचं, रस्ता पावसाळ्यात चिखलाचा, लिफ्टचा प्रश्नच नाही. पण दारात कुत्रं असणं या लोकांना नवीन नाही. मांजरीतल्या एका दुकानदाराने मला सांगितलं, "वरच्या आळीतल्या आप्पांची खोली खाली झालीय, विचारा."

आप्पांनी ब्रीड विचारली नाही. "चावतं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न आणि "रात्री कुठं झोपतं?" हा दुसरा. करार करण्याआधी कुत्रा दाखवा म्हणाले. तेवढ्यासाठी मोत्याला पिंगळीहून आणायचं म्हणजे मोठंच काम. रेल्वेत कुत्रा स्लीपरला किंवा एसी थ्री टियरला नेता येत नाही. फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे आपल्या नावावर लागतो, नाही तर पार्सल ऑफिसात नोंद करून त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागतं. आखाड्यावर मोकळं राहिलेलं जनावर पेटीत रात्रभर कसं राहणार? शेवटी पुण्याला माल घेऊन येणाऱ्या गावातल्या एका पिकअपमध्ये आई पुढे आणि मोत्या मागे गोणपाटावर, असे दोघं आले. आप्पांनी त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा टाकला. त्याने आधी आईकडे पाहिलं आणि मग खाल्ला. "शिस्तीचं आहे," म्हणाले, आणि भाडं अकरा हजार सांगितलं. नंतर शेजारच्या खोलीवाल्यांकडून कळलं की त्यांना साडेदहा आहे. पाचशे रुपये मोत्याचे, असं मी धरून चालते.

करार मी तोंडी ठेवला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. ती नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू अटी सांगेल त्या खऱ्या मानल्या जातात. आप्पांना हे वाचून दाखवल्यावर ते लगेच तयार झाले. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सच्या मसुद्यात मी एक ओळ घालून घेतली: भाडेकरूकडे एक पाळीव कुत्रा असून त्यास मालकाची संमती आहे. एजंटच्या तयार मसुद्यात ती ओळ नसते, मागून घ्यावी लागते. नुकसान झाल्यास ते डिपॉझिटमधून वळतं करावं, हीसुद्धा ओळ मीच सुचवली. त्यामुळे मालकाचा जीव भांड्यात पडतो आणि आपल्याला दरमहा त्या पाचशेंपेक्षा जादा काही द्यावं लागत नाही.

आता आई सकाळ-संध्याकाळ मोत्याला कॅनॉलच्या बाजूने फिरवते, जुना पेपर आणि पिशवी बरोबर घेऊन. "गावाकडं कधी कुणी उचललं का हे?" अशी तिची कुरकुर चालू असते, पण उचलते. टॉवरमधल्या बायका ल्हासा आणि पग घेऊन भेटतात, त्यांच्याशी तिची ओळख झालीय. त्यातल्या एकीला फ्लॅट बदलायचाय आणि कुत्र्यामुळे कुठं मिळत नाहीये, म्हणून आईने तिला आप्पांच्या चुलतभावाची खोली सुचवली.

आप्पांच्या मुलाने मात्र एका बिल्डरशी बोलणी सुरू केलीत. अंगणासकट जागा दिली तर पाच मजली इमारत होईल, दोन फ्लॅट घरच्यांना मिळतील. करार संपायला अजून चार महिने आहेत. मी मोत्याची यंदाची लस वेळेवर टोचून घेतली, परवान्याचं नूतनीकरण केलं आणि आप्पांकडून एका कोऱ्या कागदावर लिहून घेतलं की या भाडेकरूंच्या कुत्र्याचा कुणाला त्रास झाला नाही. त्यांनी खाली सही केली आणि फोन नंबरही लिहिला, पुढच्या मालकाला विचारायचं असेल तर विचारू दे म्हणून.