विनामूल्य ई-पुस्तके : शोध आणि निवड

वाचनाची आवड आहे, परंतु पुस्तक हाती पडत नाही, ही ग्रामीण भागातील वाचकांची जुनी अडचण होय. तालुक्याच्या गावी पुस्तकांचे दुकान असतेच असे नाही. असले तरी प्रत्येक कादंबरी विकत घेणे सर्वांना परवडत नाही. भ्रमणध्वनी खेडोपाडी पोहोचल्यामुळे ही अडचण आता पुष्कळ अंशी दूर होऊ शकते. अनेक उत्तम कथा-कादंबऱ्या एक पैसाही न देता आणि कायद्याचा भंग न करता वाचावयास मिळतात. मात्र जे फुकट मिळते ते सारेच घेण्याजोगे नसते, आणि जे घेण्याजोगे असते ते सारेच वाचनीय असते असेही नाही. हा भेद वाचकाने कसा ओळखावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

मृत्युवर्षाची कसोटी

भारतातील १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरील प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट, त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही वर्षे मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून मोजली जातात. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ च्या आरंभापासून सर्वांसाठी मुक्त झाली. चिं. वि. जोशी १९६३ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०२४ पासून मुक्त आहे. याउलट वि. स. खांडेकर यांचे निधन १९७६ चे असल्याने ‘ययाति’वरील प्रताधिकार २०३६ अखेरपर्यंत कायम राहील.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अनुवादकाचा अनुवादावर स्वतंत्र अधिकार असतो. आर्थर कॉनन डॉयल १९३० साली निवर्तले, म्हणून त्यांच्या शेरलॉक होम्सच्या कथा आपल्याकडे मुक्त आहेत. परंतु त्यांचा अलीकडे झालेला मराठी अनुवाद मुक्त ठरत नाही. जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतील प्रस्तावना व चित्रे यांनाही हेच लागू पडते.

कोठे शोधावे?

इंग्रजी वाचकांसाठी ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ हे सर्वांत जुने दालन होय. मायकेल हार्ट यांनी १९७१ साली अमेरिकेत त्याचा आरंभ केला. आज तेथे सत्तर हजारांहून अधिक पुस्तके आहेत. मराठीसाठी ‘विकिस्रोत’ हा उपक्रम उपयुक्त आहे. तेथे स्वयंसेवक मूळ छापील पान समोर ठेवून मजकूर तपासतात. शंका आल्यास वाचकालाही ताडून पाहता येते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. हयात लेखकही कित्येकदा आपले साहित्य स्वेच्छेने मोफत देतात. ‘ई-साहित्य प्रतिष्ठान’ अशी पुस्तके लेखकांच्या अनुमतीने वितरित करते.

‘इंटरनेट आर्काइव्ह’वर जुन्या मराठी ग्रंथांच्या पुष्कळ प्रती सापडतात. तथापि, तेथे असलेले प्रत्येक पुस्तक मुक्तच असेल असे नाही. म्हणून मृत्युवर्षाची कसोटी तेथेही लावावी.

प्रकारानुसार निवड

सामाजिक कादंबरीचा आरंभ हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’पासून करावा. यमूने स्वतःच्या तोंडून सांगितलेली तिच्या संसाराची आणि वैधव्याची ही कहाणी आजही मन हेलावून सोडते. ऐतिहासिक कादंबरीत आपट्यांचीच ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ ही पुस्तके अग्रगण्य आहेत. अद्भुताची गोडी असणाऱ्यांनी नाथमाधवांची ‘वीरधवल’ वाचावी. विनोदाची आवड असणाऱ्यांना चिमणराव आणि गुंड्याभाऊ निराश करणार नाहीत.

रहस्य आणि विज्ञान या प्रकारांत मात्र मुक्त मराठी साहित्य तोकडे आहे. बाबूराव अर्नाळकर १९९६ साली आणि जयंत नारळीकर २०२५ साली निवर्तले. त्यांच्या पुस्तकांसाठी ग्रंथालयाकडेच वळणे योग्य. इंग्रजी जाणणाऱ्यांना डॉयल आणि एच. जी. वेल्स यांचे मूळ साहित्य मोफत मिळते.

वाचण्यापूर्वी

पुस्तक उतरवून घेण्यापूर्वी पहिली दहा पाने चाळावीत. पाने गहाळ नाहीत ना, अक्षरे स्पष्ट आहेत ना, हे पाहावे. छायाचित्रित पीडीएफ प्रतीतील पान लहान पडद्यावर वाचणे त्रासाचे होते. ई-पब स्वरूपात अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. जुन्या ग्रंथांत आजच्याहून अधिक अनुस्वार आढळतील. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीची ती पद्धत आहे; चार पानांनंतर डोळ्यांना तिची सवय होते.

व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या प्रतींचा मोह मात्र टाळावा. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळातच लहान असते. तिच्यातील शंभर प्रती अशा रीतीने बुडाल्या, तर प्रकाशक त्या लेखकाचे पुढील पुस्तक हाती घेण्यास कचरतो. नुकसान अखेरीस वाचकाचेच होते.

गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना या कामी मोठा हातभार लावता येईल. ग्रंथपालांनी मुक्त पुस्तकांची प्रकारवार यादी करून फलकावर लावावी आणि ती पुस्तके भ्रमणध्वनीवर कशी घ्यावीत, हे नवख्या वाचकांना एकदा दाखवून द्यावे. दुकान दूर आहे एवढ्याच कारणाने एखादी मुलगी यमूच्या कहाणीला पारखी राहू नये, यासाठी एवढे श्रम निश्चितच सार्थकी लागतील.