पाळीव कुत्र्याची नसबंदी : वेरूळकरांनो, का टाळता?

वेरूळमध्ये घृष्णेश्वराच्या किंवा लेण्यांच्या रस्त्यावर मोकळं फिरणारं पाळीव कुत्रं रात्री घरी परततं खरं, पण दिवसभरात त्याचा संबंध कुणाशी येतो हे मालकाला कळत नाही. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि 63 दिवसांच्या आसपास विते. ती पिल्लं शेवटी रस्त्यावरच वाढतात. म्हणूनच 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याच्या नसबंदीची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि ते रास्तच आहे.

'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत' हा आग्रह मला पटत नाही. त्याने कुत्रीच्या तब्येतीला काही फायदा होत नाही. उलट नसबंदी न झालेल्या वयस्क कुत्रीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो : माजानंतर काही आठवड्यांनी ती खाणं टाकते, सारखं पाणी पिते, आणि उपचाराला उशीर झाला तर दगावते. नसबंदीने नराची राखणदारी जात नाही, भटकणं मात्र बहुधा कमी होतं. वजन वाढतं हे खरं, पण भाकरी थोडी कमी घातली की आवरतं. वजनदार आक्षेप एकच : गोल्डन रिट्रीव्हरवरच्या 2013च्या अभ्यासात फार लवकर केलेल्या नसबंदीनंतर सांध्यांचे विकार जास्त दिसले. त्यामुळे मोठ्या जातीचं कुत्रं असेल तर योग्य वय पशुवैद्यकालाच विचारा.