समाविष्ट गावांत घर घेताना

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावं आली आणि जून २०२१ मध्ये आणखी २३. (त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे स्वतंत्र नगरपरिषद होऊन बाहेर पडली.) धायरी, आंबेगाव, उंड्री, नऱ्हे, पिसोळी, मांजरी, वाघोली, सूस: कोथरूड-औंधचे भाव ऐकून परत फिरलेल्या माणसाची पावलं आपोआप इकडे वळतात. महापालिकेच्या कागदांवर यांना ‘समाविष्ट गावं’ म्हणतात.

इथं घर स्वस्त का मिळतं? इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाणी, रस्ते, ड्रेनेज त्यांच्यामागून येतंय, म्हणून. भाव मात्र सगळं येऊन गेल्यासारखा सांगितला जातो. आपण पैसे द्यायचे ते आज तिथं जे आहे त्याचे. उद्या येणारं आलं तर आनंदच आहे.

घरं बघायला निघण्याआधी घरी बसून हिशेब करू. समजा, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ४५ लाखांचा फ्लॅट आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ३६ लाख. उरलेले ९ लाख आपले. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. जीएसटी १ टक्का, ४५ हजार. हे वरचे ३ लाख ९० हजार बँक घराच्या किमतीत धरत नाही, तेही खिशातूनच जातात. म्हणजे हातात जवळपास १३ लाख हवेत, आणि त्यात सोसायटीची अनामत, मीटर, पडदे-पंखे काहीच नाही.

पहिला खड्डा इथेच आहे. तो १ टक्का जीएसटी फक्त ‘परवडणाऱ्या’ घरांना आहे: पुण्यासाठी चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण रक्कम ४५ लाखांपर्यंत. या रकमेत पार्किंग, विकास शुल्क असं बिल्डर जे जे लावतो ते धरलं जातं. ‘४४ लाख अधिक पार्किंग’ करता करता आकडा ४६ वर गेला, की कर ५ टक्के होतो आणि ४५ हजारांचे २ लाख ३० हजार होतात. म्हणून पहिल्याच भेटीत सगळं धरून शेवटचा आकडा कागदावर लिहून मागा. इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळालेला असेल तर जीएसटी लागतच नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही.

३६ लाखांचा हप्ता, २० वर्षं आणि साडेआठ टक्के धरले तर, महिन्याला सव्वाएकतीस हजारांच्या आसपास येतो. ताबा मिळेपर्यंत सध्याच्या घराचं भाडंही चालूच राहणार. हे दोन्ही एकदम झेपतं का, ते आधी पाहा. ताबा वर्षभर लांबला तरी झेपेल का, तेही.

आता भाग निवडू. सेल्स ऑफिसात भिंतीवर नकाशा असतो आणि त्यावर मेट्रो, रिंग रोड, रुंद डीपी रस्ता ठळक रंगवलेला असतो. डीपी रस्ता म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता. तो कागदावर आहे एवढंच त्यातून कळतं. जमीन ताब्यात आली का, पैसे मंजूर झाले का, हे नकाशा सांगत नाही. कात्रज-कोंढवा रस्त्याचं रुंदीकरण २०१८ साली सुरू झालं, ते ८४ मीटर रुंदीचं ठरवून. भूसंपादनात अडकून रुंदी ५० मीटरवर आणावी लागली.

मेट्रोचंही तसंच. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि रामवाडीपर्यंत गाडी धावली मार्च २०२४ मध्ये. रामवाडीच्या पुढे वाघोलीकडच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली जून २०२५ मध्ये. मेट्रो येणार यात शंका घेऊ नका, पण येईपर्यंत आपले किती हप्ते भरून झालेले असतील ते मोजा.

म्हणून भाग बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. एजंट हटकून तीच वेळ देतो, कारण तेव्हा नगर रस्ताही मोकळा असतो. कामाच्या दिवशी सकाळी नऊला त्या इमारतीच्या दारातून निघून आपल्या ऑफिसपर्यंत जाऊन पाहा. एकदा भर पावसात जा. जमलं तर एकदा मे महिन्यात.

मे महिना पाण्यासाठी. या सगळ्या खरेदीत जास्तीत जास्त वेळ पाण्याला द्यावा असं माझं मत आहे, आणि लोक सगळ्यात कमी वेळ देतात तो पाण्यालाच. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. १२० फ्लॅटच्या सोसायटीत घरटी चार माणसं धरली तर रोज ६४ हजार ८०० लिटर लागतात. दहा हजार लिटरचे साडेसहा टँकर, तेही रोज. जवळच्या सोसायटीत टँकरचा सध्याचा दर विचारा, साडेसहाने गुणा, मग तीसने गुणा, १२० ने भागा. येईल तो आकडा आपल्या हप्त्यात मिळवा. स्वस्त घर तेवढं स्वस्त राहिलेलं नसेल.

‘महापालिकेचं कनेक्शन आहे ना?’ असं विचारलं तर ‘आहे’ हेच उत्तर मिळतं, आणि ते खोटंही नसतं. नळजोड असतो, त्यातून पाणी किती येतं हा प्रश्न वेगळा. तेव्हा असं विचारा: रोज किती वेळ येतं, उन्हाळ्यात किती येतं, मागच्या एप्रिल-मेमध्ये टँकर किती लागले? बिल्डरला नव्हे, शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि वॉचमनला. टँकर आत घेऊन वॉचमनच नोंद ठेवतो, त्याच्या वहीत खरं उत्तर असतं.

या भागांत बांधकाम परवानगी देताना अनेकदा बिल्डरकडून हमीपत्र घेतलेलं असतं: पालिकेचं पुरेसं पाणी मिळेपर्यंत पाणी मी पुरवीन. त्याची प्रत मागा, आणि आपल्या करारात ही जबाबदारी कोणावर आणि कधीपर्यंत, ते वाचा. सोसायटी स्थापन झाली की टँकरचं बिल रहिवाशांच्या गळ्यात पडतं. भांडणं होतात ती इथेच.

पाणी किती, याइतकंच ते कसं आहे हेही महत्त्वाचं. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट गेलं. विहीर, बोअर की धरणाचं शुद्ध केलेलं पाणी, आणि टँकर नेमका कुठून भरून येतो, हे विचारायला संकोचू नका.

नदी-ओढा जवळ असेल तर पूररेषा पाहा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली होती, आणि ती तर जुनी वसलेली वस्ती. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला रावेत, किवळे, तळवडे बघत असाल तर ‘रेड झोन’ विचारा. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २००० यार्डांच्या आत बांधकामाला बंदी आहे. तिथली घरं स्वस्त असण्याचं कारण तेवढंच आहे.

भाग पसंत पडला, पाणी पटलं, की कागदपत्रं.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. महारेरा म्हणजे घरखरेदीदार आणि बिल्डर यांच्यातले व्यवहार नियंत्रित करणारं राज्याचं प्राधिकरण. तिथं पाहायच्या गोष्टी: ताब्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख, किती फ्लॅट विकले गेले, जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, कोर्टात दावे आहेत का. तारीख दोनदा पुढे गेलेली असेल तर सेल्सचा मुलगा पुढची तारीख सांगेल तेव्हा ती हसून ऐका. आणि नोंदणी म्हणजे बांधकाम चांगलं असल्याचं प्रमाणपत्र नव्हे.

नोंदणीतून सुटणाऱ्या इमारतीही असतात. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी सक्तीची नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, जवळपास १०१ चौरस मीटर. म्हणजे चार गुंठ्यांवरची अख्खी इमारत नियमानुसार महारेराबाहेर राहू शकते. या गावांतल्या गल्ल्यांमध्ये तीन-चार गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारती दिसतात त्यांचं मूळ इथं आहे. त्यातल्या काही रीतसर परवानगी घेतलेल्या, बऱ्याचशा नाहीत.

अशा ठिकाणी आपल्याला एक फाइल दाखवली जाते. त्यात ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, मिळकतकराची पावती असते, विजेचं बिल असतं. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, बांधकाम परवानगी नव्हे. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, मीटर बसला म्हणूनही नाही. नोटरीपुढे केलेल्या कागदानं मालकी येत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. ‘या बिल्डिंगला मोठ्या बँका कर्ज देत नाहीत, पण आमच्या ओळखीची एक फायनान्स कंपनी आहे’ हे वाक्य कानावर पडलं, की पाणी पिऊन उठावं.

खरी फाइल वेगळी दिसते. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, जमीन बिगरशेती झाल्याचा कागद, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, आणि तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली असून राहायला हरकत नाही असा दाखला. तो अंशतःही असतो, तेव्हा त्यात आपली विंग आणि आपला मजला आहे का, हे बोट ठेवून वाचा. आपल्याच वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल काढून घ्या. बँक कागद तपासते ते स्वतःच्या कर्जापुरते. त्यामुळे आपला वकील लागतोच.

भावाची तुलना नेहमी चटई क्षेत्रावर करा, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. ‘सेलेबल’ चौरस फुटांचा दर ऐकायचा आणि सोडून द्यायचा. दोन फ्लॅटच्या पूर्ण किमती त्यांच्या चटई क्षेत्रानं भागल्या की बऱ्याचदा महाग वाटणारा फ्लॅट स्वस्त निघतो.

बुकिंगच्या वेळी घाई केली जाते. कायद्यानं नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. करारात ताब्याची तारीख, उशीर झाल्यास व्याज, पार्किंग आणि पाण्याचं कलम एवढं तरी स्वतः वाचा.

एक वाट लोक विसरतात, ती म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या खाजगी प्रकल्पांत २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात आणि म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीतून मिळतात. किंमत बाजारापेक्षा बरीच कमी, मात्र पाच वर्षं विकता येत नाही, आणि देखभाल खर्च त्या प्रकल्पाचाच, कमी नाही. म्हाडाचे एजंट नसतात. जो स्वतःला तसा म्हणवतो त्याला चहासुद्धा पाजू नका.

ताबा घेताना किल्ली हातात येण्याआधी सगळे नळ एकदम सोडून पाहा, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर ओल आहे का हात लावून पाहा, आणि त्रुटी लेखी द्या. बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरनं विनामूल्य करून द्यायची असते. तोंडी तक्रार केली तर तारीख सिद्ध करता येत नाही. नंतर सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या उताऱ्याची, प्रत घेऊन मिळकतकर आणि वीजमीटर आपल्या नावावर करून घ्या. त्यासाठी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात दोन-तीन खेपा होतील, तेवढी रजा शिल्लक ठेवा.